घरगुती स्वयंचलन प्रणालीतील ई-मेल सूचना : मांडणी आणि विश्वासार्हता

गोषवारा

घरातील संवेदकांनी टिपलेली घटना ई-मेलद्वारे संबंधित व्यक्तीपर्यंत पोहोचविण्याची सोय बहुतेक घरगुती स्वयंचलन प्रणालींमध्ये उपलब्ध आहे. ही सोय सुरू करणे सोपे आहे. ती वर्षानुवर्षे विश्वासार्ह ठेवणे मात्र तितके सोपे नाही. प्रस्तुत लेखात ‘होम असिस्टंट’ या मुक्तस्रोत प्रणालीचे उदाहरण घेऊन ई-मेल सूचनेचा मार्ग, तिच्या मांडणीतील टप्पे, ती नकळत बंद पडण्याची कारणे आणि तपासणीच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे. सूचना आली नाही म्हणजे घरी सर्व ठीक आहे, असा अर्थ काढण्याचा अधिकार ही तपासणी नियमित केल्यानंतरच मिळतो, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : गृहस्वयंचलन, संवेदक, ई-मेल सूचना, एसएमटीपी, ॲप पासवर्ड, विश्वासार्हता

१. प्रस्तावना

गृहस्वयंचलनाची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली ‘एक्स-१०’ ही पद्धत विकसित केली. घरातील विजेच्या तारांमधूनच संकेत पाठवून दिवे आणि उपकरणे चालू-बंद करणे हे तिचे कार्य होते. तिच्यात आज्ञेचा प्रवाह मुख्यतः माणसाकडून घराकडे जात असे. पुढे संवेदक स्वस्त झाले आणि घरोघरी अखंड इंटरनेट आले, तेव्हा उलट दिशेचा प्रवाहही शक्य झाला. घर स्वतःची स्थिती माणसाला कळवू लागले. ई-मेल सूचना हा या उलट प्रवाहाचा एक जुना आणि आजही टिकून असलेला प्रकार होय.

या सोयीचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईला मधुमेह आहे आणि मुले दूरच्या शहरात नोकरी करतात, अशी कुटुंबे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे आवश्यक असते. त्या फार तापल्या तर औषधाचा गुण कमी होतो आणि गोठल्या तर औषध निरुपयोगी ठरते. दोन्ही बाबतीत कुपीकडे पाहून दोष कळेलच असे नाही. अशा वेळी फ्रिजमध्ये एक लहानसा तापमान संवेदक ठेवून, तापमान मर्यादेबाहेर गेल्यास मुलांना ई-मेल जाईल अशी व्यवस्था करणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात हेच उदाहरण प्रारंभापासून अखेरपर्यंत आधाराला घेतले आहे.

२. सूचनेचा मार्ग

फ्रिजमधील संवेदकापासून मुलाच्या हातातील भ्रमणध्वनीपर्यंतचा प्रवास पाच टप्प्यांत होतो. संवेदक आपले माप झिगबीसारख्या अल्प ऊर्जेच्या रेडिओ पद्धतीने नियंत्रकाकडे पाठवितो. नियंत्रक म्हणजे घरात सतत चालू असलेला लहान संगणक; पुष्कळ घरांत यासाठी रास्पबेरी पाय वापरला जातो. त्यावर होम असिस्टंटसारखी आज्ञावली चालते. पाऊलुस स्खाउटेन यांनी २०१३ साली सुरू केलेली ही प्रणाली २०२४ पासून ‘ओपन होम फाउंडेशन’ या संस्थेच्या अखत्यारीत आहे. नियम जुळला की नियंत्रक ई-मेल तयार करून सेवादात्याच्या सर्व्हरकडे सोपवितो. तो सर्व्हर ते प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरकडे पाठवितो आणि अखेर प्राप्तकर्त्याचे उपकरण ते तेथून उतरवून घेते.

ई-मेल सर्व्हरकडे सोपविण्याच्या आणि पुढे पाठविण्याच्या नियमावलीला एसएमटीपी असे म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली आणि २००८ साली तिची सुधारित आवृत्ती आली. ही नियमावली टपालखात्याच्या तत्त्वावर उभी आहे. पत्र स्वीकारावे, साठवावे, जमेल तेव्हा पुढे पाठवावे. पुढचा सर्व्हर उपलब्ध नसल्यास पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी साधारणतः किमान ३० मिनिटे थांबावे आणि चार-पाच दिवस प्रयत्न करून मगच पत्र परत करावे, असे २००८ च्या आवृत्तीत सुचविले आहे. व्यवहारात बहुतेक ई-मेल काही सेकंदांत पोहोचते, हे खरे. परंतु ते सेकंदांत पोहोचेल असे वचन या पद्धतीने कधीच दिलेले नाही.

येथे दोन बाबी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, पत्र स्वीकारल्यावर ते पोहोचविण्याची किंवा न पोहोचल्यास तसे कळविण्याची जबाबदारी सर्व्हरवर येते. पण हे कळविणे पत्र पाठविणाऱ्याच्या पत्त्यावर होते. पाठविणारा जर घरातील नियंत्रक असेल आणि त्याचे खाते कोणी उघडतच नसेल, तर ‘पत्र पोहोचले नाही’ ही वार्ता न वाचलेल्या पेटीत पडून राहते. दुसरी बाब अशी की, होम असिस्टंट हे स्वतः टपाल साठविणारे केंद्र नाही. सर्व्हरशी संपर्कच झाला नाही, तर त्या अपयशाची नोंद त्रुटींच्या नोंदवहीत होते. पत्र मात्र रांगेत उरत नाही. ते तेथेच संपते.

३. मांडणीचे टप्पे

(अ) स्वतंत्र खाते : सूचना पाठविण्यासाठी स्वतंत्र ई-मेल खाते उघडावे. घरातील नियंत्रकात या खात्याचा पासवर्ड साठविलेला असतो. नियंत्रक चोरीस गेला किंवा त्याची प्रत दुसऱ्याच्या हाती पडली, तर व्यक्तीचा सर्व खाजगी पत्रव्यवहार उघडा पडू नये, हा यामागील हेतू आहे. या खात्यात येणारी पत्रे आपल्या नित्याच्या खात्याकडे आपोआप वळवावीत. म्हणजे परत आलेल्या पत्रांची वार्ताही नजरेस पडते.

(आ) ॲप पासवर्ड : जीमेलच्या बाबतीत खात्याचा नेहमीचा पासवर्ड येथे चालत नाही. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करावा लागतो. हा पासवर्ड दुसऱ्या टप्प्याविना टपालाचे दार उघडतो, म्हणून तो जपून ठेवावा. होम असिस्टंटमध्ये अशा गोष्टी ‘सीक्रेट्स’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय आहे. मात्र ती फाइल कूटबद्ध नसते, साध्या मजकुरात असते. तेव्हा प्रणालीच्या राखीव प्रतीही सुरक्षित जागी ठेवणे आवश्यक आहे.

(इ) सर्व्हर, द्वारक्रमांक आणि कूटबद्धता : प्रणाली कोणतीही असो, भरावयाची माहिती जवळपास तीच असते. सेवादात्याच्या सर्व्हरचा पत्ता, द्वारक्रमांक अर्थात पोर्ट, कूटबद्धतेचा प्रकार, खात्याचे नाव, पासवर्ड, पाठविणाऱ्याचा पत्ता आणि प्राप्तकर्त्यांचे पत्ते ही ती माहिती होय. पोर्ट ५८७ निवडल्यास ‘स्टार्ट-टीएलएस’ हा प्रकार निवडावा. यात संभाषण साधे सुरू होते आणि लगेच कूटबद्ध होते. पोर्ट ४६५ वर संभाषण प्रारंभापासूनच कूटबद्ध असते, म्हणून तेथे ‘टीएलएस’ हा प्रकार निवडावा. यांची अदलाबदल हे पहिल्याच प्रयत्नात अपयश येण्याचे नित्याचे कारण आहे. पोर्ट २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी आहे. घरगुती जोडणीवरून त्याचा वापर पुष्कळ इंटरनेट सेवादाते रोखून धरतात आणि तसे पत्र गेलेच तरी ते अनिष्ट टपाल म्हणून नाकारले जाण्याचा संभव मोठा असतो. घरातून थेट पत्र पाठविण्याऐवजी प्रस्थापित सेवादात्यामार्फत पाठवावे, ते याच कारणाने.

(ई) प्राप्तकर्ते : किमान दोन व्यक्तींचे पत्ते असावेत आणि त्यांतील एक व्यक्ती घराजवळ राहणारी असावी. दूरच्या शहरातील मुलाला सूचना मिळून उपयोग तेव्हाच, जेव्हा गावातील शेजारी किंवा नातेवाईक फ्रिज उघडून पाहू शकेल. प्राप्तकर्त्याने पाठविणारा पत्ता आपल्या संपर्कसूचीत नोंदवावा, म्हणजे पत्र ‘स्पॅम’ कप्प्यात जाण्याची शक्यता कमी होते.

४. सूचनेचा नियम आणि मजकूर

होम असिस्टंटमधील प्रत्येक स्वयंचलित नियमाचे तीन भाग असतात : ज्यामुळे नियम जागा होतो ती घटना, पुढे जाण्यासाठीची अट आणि करावयाची कृती. आपल्या उदाहरणात ‘तापमान ८ अंशांवर गेले’ ही घटना होय. परंतु फ्रिजचे दार उघडल्यावर तापमान काही मिनिटे वाढणारच. म्हणून तापमान सलग १५ मिनिटे मर्यादेवर राहिले तरच ई-मेल जावे, असा अवधी ठेवावा. तसेच ८ अंशांच्या आसपास माप वरखाली होत राहिल्यास सूचनांचा वर्षाव होतो. तो टाळण्यासाठी एकदा सूचना गेल्यावर तापमान ७ अंशांखाली येईपर्यंत नियम पुन्हा जागा होऊ नये, अशी तजवीज करावी. २ अंशांखालील तापमानासाठी असाच दुसरा नियम लिहावा.

सूचनांचा वर्षाव केवळ त्रासदायक नसतो. तो घातकही असतो. जीमेलच्या व्यक्तिगत खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० पत्रे पाठविण्याची मर्यादा आहे. बिघडलेल्या नियमाने ती ओलांडली, की पाठविणे काही काळ बंद होते आणि खरी सूचनाही अडकते. याहून मोठा धोका मनुष्यस्वभावाचा आहे. ज्या पत्त्यावरून रोज वीस निरर्थक पत्रे येतात, त्या पत्त्यावरील एकविसावे पत्र कोणी उघडत नाही.

नियमाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. पंधरा मिनिटांची मोजणी चालू असताना प्रणाली पुन्हा सुरू झाली, तर ती मोजणी नष्ट होते. संवेदकाची बॅटरी संपली, तर तापमान ८ पेक्षा अधिकही नसते आणि कमीही नसते. ते ‘अनुपलब्ध’ असते, आणि संख्येवर आधारलेला नियम अशा वेळी गप्प राहतो. म्हणून दोन पूरक नियम असावेत : दर तासाला प्रत्यक्ष तापमान तपासणारा एक, आणि संवेदक अनुपलब्ध होताच तसे कळविणारा दुसरा.

ई-मेलचा विषय असा असावा की पत्र न उघडताही अर्थ कळावा. ‘सूचना’ एवढाच विषय निरुपयोगी होय. ‘फ्रिज ११ अंश, १५ मिनिटांपासून, आईचे घर’ असा विषय पुरेसा आहे. मजकुरात घटनेची वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार द्यावी. पत्र उशिरा पोहोचल्यास घटना केव्हाची हे त्यावरूनच कळते. शेवटी काय करावे आणि कोणाला दूरध्वनी करावा, हेही लिहावे. घाईच्या वेळी माणसाला आठवत नाही ते पत्राने सांगावे.

५. सूचना नकळत बंद पडण्याची कारणे

वरीलप्रमाणे केलेली मांडणी पहिल्या दिवशी निर्दोष चालते. पुढे ती बंद पडते तेव्हा कारण बहुधा घराबाहेरचे असते.

पहिले कारण सेवादात्यांच्या बदलत्या धोरणांचे आहे. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव आणि नेहमीचा पासवर्ड देऊन खात्यात शिरण्याची ‘कमी सुरक्षित ॲप’ ही सोय व्यक्तिगत खात्यांसाठी काढून घेण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या व्यक्तिगत खात्यांबाबत असेच पाऊल उचलले. सुरक्षेच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. परंतु जुन्या पद्धतीवर विसंबलेले घरगुती नियंत्रक आणि सीसीटीव्हीचे ध्वनिचित्रमुद्रक यांच्या सूचना त्यामुळे थांबल्या. त्यांना हे सांगण्यासाठी एकच वाट होती आणि ती म्हणजे ई-मेल. तीच बंद झाली होती.

दुसरे कारण कूटबद्धतेच्या जुन्या आवृत्त्यांचे. टीएलएसच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या. ज्या उपकरणांची अंतर्गत आज्ञावली अद्ययावत होत नाही, ती अशा वेळी सर्व्हरशी बोलूच शकत नाहीत.

तिसरे कारण अगदी साधे आहे : खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगलचे जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. सुरक्षेची काळजी म्हणून पासवर्ड बदलणारी व्यक्ती अशा रीतीने नकळत फ्रिजवरील पहारा उठविते.

चौथे कारण घड्याळाचे. रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीपूर्वीच्या प्रतिकृतींत वीज गेल्यावर वेळ टिकवून ठेवणारे घड्याळ नसते आणि पाचव्या पिढीतही त्यासाठी वेगळी बॅटरी बसवावी लागते. वीज परत आल्यावर योग्य वेळ इंटरनेटवरून मिळेपर्यंत सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत पडताळता येत नाही आणि संपर्क नाकारला जातो.

पाचवे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. वीज गेली की फ्रिज बंद पडतो. त्याच क्षणी राउटर आणि नियंत्रकही बंद पडतात. म्हणजे ज्या घटनेची सूचना हवी, तीच घटना सूचनेचा मार्ग बंद करते. पावसाळ्यात वादळाने तासन्‌तास वीज जाते अशा गावांत ही शक्यता अपवादात्मक नाही, नित्याची आहे. राउटर, फायबर जोडणीची पेटी आणि नियंत्रक या तिन्हींना लहान यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर जोडावा. तिन्हींतील एक जरी सुटले तरी साखळी तुटते. शिवाय ‘वीज गेली’ ही सूचना वीज जाताच पाठवावी, बॅटरी संपेपर्यंत थांबू नये.

६. मौनाची तपासणी

वरील कारणांचे समान सूत्र असे की, प्रत्येक वेळी परिणाम एकच दिसतो : पत्र येत नाही. आणि सर्व ठीक असतानाही पत्र येत नाही. या दोन मौनांत प्राप्तकर्त्याला भेद करता येत नाही. येथेच प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. सूचनायंत्रणा नसती, तर मुलाने रोज आईला ‘फ्रिज चालू आहे ना?’ असे विचारले असते. यंत्रणा बसविल्यावर तो विचारणे सोडून देतो. यंत्रणा गप्प झाली, तर कुटुंब पूर्वीपेक्षाही असुरक्षित होते.

यावर प्रथम सुचणारा उपाय म्हणजे रोज सकाळी ‘सर्व ठीक, फ्रिज ५ अंश’ असे पत्र पाठविणे. तो उपयुक्त आहे. परंतु पुरेसा नाही. आलेले पत्र माणसाला दिसते. न आलेले पत्र सहसा जाणवत नाही. म्हणून अनुपस्थितीवर लक्ष ठेवण्याचे कामही यंत्राकडेच द्यावे लागते. रेल्वेच्या इंजिनातील दक्षता यंत्रणा याच तत्त्वावर चालते. चालकाने ठराविक काळात हालचाल केली नाही आणि इशाऱ्यालाही प्रतिसाद दिला नाही, तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. तसेच घरातील नियंत्रकाने दर काही मिनिटांनी घराबाहेरील एखाद्या सेवेकडे हजेरी लावावी आणि हजेरी चुकली की त्या सेवेने कुटुंबाला कळवावे. अशा हजेरी-सेवा इंटरनेटवर उपलब्ध आहेत. घरची वीज, जोडणी किंवा नियंत्रक यांपैकी काहीही बंद पडले, तरी ही सूचना घराबाहेरून निघते, हा तिचा विशेष होय.

हजेरीने नियंत्रक जिवंत असल्याचे कळते. ई-मेलचा मार्ग खुला असल्याचे कळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा संपूर्ण साखळीची चाचणी घ्यावी. प्रणालीतील ‘चाचणी’ कळ दाबून पाठविलेले पत्र केवळ अखेरचे टप्पे तपासते. खरी चाचणी म्हणजे संवेदक फ्रिजमधून बाहेर काढून अर्धा तास ओट्यावर ठेवणे आणि दोन्ही प्राप्तकर्त्यांना पत्र मिळाले का, किती वेळात मिळाले, हे वहीत लिहून ठेवणे.

७. ई-मेलची मर्यादा

मंद गतीने वाढणाऱ्या धोक्यासाठी ई-मेल योग्य आहे. तापमान, पाण्याच्या टाकीची पातळी, संवेदकाची बॅटरी आणि मासिक वीजवापर यांची सूचना तासाभराने वाचली तरी चालते, आणि तारीख-वेळेसह लेखी नोंद मागे उरते. आग आणि गॅसगळती यांसाठी मात्र ई-मेल हे मुख्य साधन असू शकत नाही. तेथे घरातच मोठा आवाज करणारा स्वतंत्र भोंगा हवा, जो इंटरनेटवर आणि नियंत्रकावर अवलंबून नसेल. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा संवेदक जमिनीलगत बसवावा; नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याचा संवेदक छताजवळ असावा. गळती कळताच पंखा आपोआप सुरू करण्याचा नियम काही उत्साही मंडळी लिहितात. तो कदापि लिहू नये. विजेचा खटका पडताना उडणारी ठिणगी स्फोटास कारण होऊ शकते. एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी भारतात १९०६ हा क्रमांक आहे. तो स्वयंपाकघराबाहेर ठळक लिहून ठेवावा.

आणखी एक मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. दार केव्हा उघडले, दिवा केव्हा लागला, घर केव्हा रिकामे होते, हे सांगणारी पत्रे म्हणजे घरातील माणसांची दिनचर्याच होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातून व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. कायदा जेथे थांबतो तेथे कुटुंबाची जबाबदारी सुरू होते. काय मोजले जाते आणि कोणाला कळविले जाते, हे घरातील वृद्धांना आणि कामास येणाऱ्या व्यक्तींना आधी सांगावे. फ्रिजचे तापमान कळण्यासाठी आईच्या खोलीतील हालचाल टिपण्याची गरज नसते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ई-मेल सूचनेची मांडणी हे तासाभराचे काम आहे, तिची निगा हे कायमचे काम आहे.

२) स्वतंत्र खाते, ॲप पासवर्ड, योग्य पोर्ट व कूटबद्धता आणि किमान दोन प्राप्तकर्ते ही मांडणीची किमान अंगे होत.

३) नियमात अवधी, दोन मर्यादांमधील अंतर आणि संवेदकाच्या अनुपलब्धतेची दखल असावी.

४) वीजपुरवठ्याची पर्यायी सोय आणि घराबाहेरील हजेरी-सेवा यांच्याशिवाय व्यवस्था अपुरी राहते.

५) आग व गॅसगळतीसाठी घरातील स्वतंत्र भोंगा हाच मुख्य उपाय, ई-मेल तेथे दुय्यम आहे.

यंत्राने मौन पाळले असता निश्चिंत राहावयाचे असेल, तर ते मौन नियमितपणे तपासलेले असले पाहिजे. ज्या महिन्यात ती चाचणी झाली नाही, त्या महिन्यात यंत्रणा नाही असे समजून घरी रोज दूरध्वनी करावा, हेच श्रेयस्कर होय.